माउंटन बाइकिंगची सुरुवात : पाय जड, हात हलके

डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षं सायकल चालवलेला माणूस पहिल्यांदा दगडगोट्यांच्या उतारावर येतो, तेव्हा सवयीनं सीटवर बसून राहतो आणि भीतीनं हँडल आवळतो. रस्त्यावर हे खपून जातं. पायवाटेवर मात्र प्रत्येक दगड सीटमधून पाठीत आणि हँडलमधून खांद्यात शिरतो. ताठ हातांमुळे पुढचं चाक दगडावर चढण्याऐवजी अडखळतं आणि मग सायकल जाईल तिकडे स्वारही जातो. माउंटन बाइकिंग शिकणं म्हणजे बरंचसं ही सवय मोडणं. वजन पायांवर, म्हणजे पेडलवर, आणि हात फक्त दिशा देण्यापुरते. सायकलची निवड, टायरमधली हवा, ब्रेकच्या दांड्याची जागा हे सगळं नीट करायचं तेही याचसाठी.

सायकल कोणती

पहिली सायकल हार्डटेल घ्या, म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे नाही. तेवढ्याच पैशांत मागेही शॉक लावलेली सायकल मिळत असेल, तर तिच्यात शॉक, ब्रेक आणि चाकं यांपैकी कशावर तरी काटकसर झालेली असते. शिवाय ती तीन-चार किलो जड असू शकते. हार्डटेलवर चूक लगेच कळते. बसून राहिलात तर मागचं चाक लाथ मारतं आणि शरीर आपोआप उभं राहायला शिकतं.

पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दोन नळ्यांचा, ट्रॅव्हल (तो जास्तीत जास्त किती दबतो ते) १०० ते १३० मिमी पुरे. चाकं २९ इंची असतील तर दगडांवरून सहज जातात. उंची कमी असणाऱ्यांना २७.५ इंची चाकांवर वळणं सोपी वाटतात आणि बऱ्याच कंपन्या लहान फ्रेमला तीच देतात. यावर फार डोकं लावू नका. त्यापेक्षा या गोष्टी तपासा: ब्रेक हायड्रॉलिक डिस्क (तारेऐवजी तेलाच्या दाबानं चालणारे) आहेत का, फोर्क हवेवर चालणारा आहे का आणि त्याला रिबाउंडची, म्हणजे दबल्यावर तो किती वेगानं परत वर येईल ते ठरवणारी, गुंडी आहे का, चाकाला थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस) आहे का, पुढे पेडलजवळ एकच चेनरिंग (दातेरी चक्र) आहे का, रिमवर ट्यूबलेस (आत ट्यूब न लागणारा) टायर बसेल का. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे हँडलवरच्या दांड्यानं खाली-वर होणारी सीट, सुरुवातीला नसली तरी चालेल. फक्त फ्रेमला ती नंतर बसवता येईल ना, एवढं विचारून घ्या.

जाड टायर आणि स्प्रिंगचा फोर्क लावलेल्या, दिसायला माउंटन बाइक असलेल्या सायकलींपासून सावध राहा. त्यांपैकी काहींच्या फ्रेमवर किंवा माहितीपुस्तिकेत 'ऑफ-रोड वापरासाठी नाही' असं बारीक अक्षरांत लिहिलेलंच असतं. ते खरं माना.

वापरलेली सायकल घेत असाल तर फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तिथलं सील टिकणार नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. 'टक्-टक्' लागलं तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) किंवा फोर्कचे बुश (नळ्यांच्या आतल्या सरक-कड्या) सैल आहेत. फ्रेमच्या जोडांजवळ रंगावर केसासारखी रेघ दिसली तर सायकल परत ठेवा, भाव कितीही पाडून मिळाला तरी.

साइज बघताना सीटवर बसून निर्णय घेऊ नका, कारण उतारावर तुम्ही बसलेले नसताच. पेडल आडवी ठेवून उभे राहा, कोपरं वाकवा. हँडल पोटात येत असेल तर फ्रेम लहान आहे; हात सरळ करूनच हँडल हाती लागत असेल तर मोठी. खाली उभं राहिल्यावर वरची नळी आणि तुमच्यामध्ये चार-पाच सेंटिमीटर तरी जागा हवी.

अर्ध्या तासाचं काम, जे बहुतेक जण करत नाहीत

दुकानातून आलेली सायकल कोणासाठीच बसवलेली नसते. ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की घ्या.

सीटची चढावरची उंची: टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली आणलं की पाय जेमतेम सरळ व्हावा. ती जागा टेपनं किंवा खुणेच्या पेननं सीटपोस्टवर आखून ठेवा. उतारासाठी सीट तिथून ७ ते १० सेंटिमीटर खाली करायची. ड्रॉपर नसेल तर उतार लागण्याआधी थांबून हातानं करा. कंटाळा येतो, पण वर राहिलेली सीट मांड्यांत अडकते आणि वजन मागे-खाली नेताच येत नाही.

नंतर ब्रेकचे दांडे. ते बहुतेकदा ग्रिपला चिकटून बसवलेले असतात, त्यामुळे दोन-तीन बोटांनी ओढावे लागतात. क्लॅम्प सैल करून ते हँडलच्या मध्याकडे सरकवा, इतके की ग्रिपवर हात नेहमीसारखा ठेवल्यावर फक्त तर्जनी दांड्याच्या टोकाच्या वाकावर पडेल. हायड्रॉलिक ब्रेकला एक बोट पुरतं. टोकाला धरलं की तरफ लांब होते आणि जोर कमी लागतो. उरलेली तीन बोटं आणि अंगठा हँडल धरायला मोकळे राहतात. दांड्यांचा कोन असा ठेवा की उभं राहिल्यावर मनगट मुडपणार नाही. क्लॅम्पचा स्क्रू करकचून आवळू नका. पडल्यावर दांडा थोडा फिरला तर तो वाचतो, नाहीतर तुटतो.

पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे आत्ताच बघून घ्या. देशागणिक ते बदलतं, आणि उसनी किंवा भाड्याची सायकल घेतल्यावर नेमका इथेच घोटाळा होतो.

हवा

टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते. रस्त्याच्या सवयीनं ४०-५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून आलेली सायकल पायवाटेवर चेंडूसारखी उडते. कमी हवेचा टायर दगडाभोवती वाकतो, त्याचा जमिनीला स्पर्श वाढतो आणि पकड तिथूनच येते.

साधारण ७० किलोचा माणूस आणि २.३ ते २.४ इंची ट्यूबलेस टायर असेल तर पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पासून सुरुवात करा. आत ट्यूब असेल तर दोन्हीकडे चार-पाच पीएसआय जास्त ठेवा. वजन दहा किलोंनी वर-खाली झालं की साधारण दोन पीएसआय वाढवा किंवा घटवा. मागच्या चाकावर वजन जास्त असतं म्हणून तिथे हवा थोडी जास्त. तिथून पुढे एकेक पीएसआयनं बदल करत जा: दगडावर रिम आपटल्याचा 'ठक्' आवाज येत असेल तर वाढवा, सुट्या खडीवर चाक टणटणत घसरत असेल तर कमी करा. एका पंपाचं मीटर दुसऱ्याशी जुळेलच असं नाही, म्हणून दर वेळी एकाच मीटरनं मोजा.

ट्यूब काढल्यावर शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, साप चावल्यासारख्या, तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि दगड व रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली गेली. हे टाळायला ट्यूबलेस करून घेणं हा सायकलवर करण्यासारखा पहिला खर्च. २९ बाय २.४ च्या टायरमध्ये साधारण १०० मिली सीलंट, म्हणजे छोटी छिद्रं आतून बुजवणारा द्रव, लागतं. ते दोन-तीन महिन्यांत सुकायला लागतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. व्हॉल्व्हमधून काडी घालून ओलं आहे का बघत जा.

फोर्क

फोर्कच्या नळीवर रबराची एक बारीक रिंग असते. नसेल तर नळीभोवती सैलसा झिप-टाय बांधा. फोर्क दबू न देणारी कळ, म्हणजे लॉकआउट, उघडा, रोज घालता ते सगळं घाला, पाठीवरची पिशवीसुद्धा. कोणाला तरी सायकल धरायला सांगून पेडलवर उभे राहा, दोन-तीनदा दाबून फोर्क मोकळा करा आणि कोपरं वाकवून स्थिर व्हा. धरणाऱ्यानं रिंग खाली सीलपर्यंत सरकवावी. मग झटका न देता उतरा. रिंग सीलपासून जितकी वर उरली तो सॅग, म्हणजे तुमच्या वजनानं फोर्क दबतो ते अंतर. १२० मिमीच्या फोर्कला वीस टक्के, म्हणजे २४ मिमी हवा. ३० मिमीच्या पुढे गेला तर शॉक पंपानं, म्हणजे फोर्कसाठीच्या खास पंपानं, पाच पीएसआय भरा, १८ मिमीच्या आत राहिला तर तेवढी सोडा, आणि पुन्हा मोजा. साधा पंप इथे चालत नाही; फोर्कमध्ये हवा इतकी थोडी असते की तो काढताना निसटलेली हवासुद्धा आकडा बिघडवते.

रिबाउंडची गुंडी आधी मधोमध ठेवा. हँडल जोरात दाबून सोडलं की पुढचं चाक जमिनीवरून उडत असेल तर दोन खटके सावकाश बाजूला फिरवा. दरवाज्याच्या क्लोजरसारखा फोर्क आळसावून वर येत असेल तर उलट. फार सावकाश ठेवलेला फोर्क सलग दगडांवर वर यायच्या आतच पुढचा दणका खातो, आणि पाच-सहा दगडांत पार खाली बसून राहतो.

नवे ब्रेक आधी घासून घ्या

नव्या डिस्क ब्रेकला सुरुवातीला जोर नसतो. सपाट जागी मध्यम वेग घ्या, एकच ब्रेक एकसारखा दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या, सोडा, पुन्हा वेग घ्या. असं वीसेक वेळा पुढच्या ब्रेकनं, वीसेक वेळा मागच्यानं. चाक लॉक करू नका आणि पूर्ण थांबू नका. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसावा म्हणून हे करायचं. लॉक केलंत तर तो एका जागी गोळा होतो आणि पुढे ब्रेक थरथरत राहतो. डिस्कला बोट लावू नका, तिच्या आसपास तेलाचा स्प्रे तर अजिबात नको. तेल प्यायलेलं पॅड किंचाळतं आणि धरत नाही. बहुधा बदलावंच लागतं. चाक काढलेलं असताना चुकूनही ब्रेक दाबू नका. पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही.

या खेळाचं आणि ब्रेकचं नातं जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही जण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून हाणत. पेडल उलटं फिरवून लागणारा मागच्या हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जाई आणि हब उघडून पुन्हा भरावा लागे. त्यावरूनच त्या उताराला 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरणं', नाव पडलं. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. आपल्या सुदैवानं आता ग्रीस जळत नाही.

अंगावर काय

डोक्याची मागची बाजू झाकणारं हेल्मेट, भुवईच्या वर दोन बोटांवर बसणारं. एकदा जोरात आपटलं की ते बदलायचं, बाहेरून धड दिसलं तरी. आतला फोम दबलेला असतो. पूर्ण बोटांचे हातमोजे, गुडघ्याचे पॅड आणि चष्मा. गुडघ्याचे पॅड 'नंतर घेऊ' म्हणून टाळू नका, कारण सुरुवातीलाच पडणं जास्त होतं.

बूट-पेडल अडकवणारी क्लिपलेस पद्धत पहिले काही महिने नको. खिळे असलेली रुंद सपाट पेडल आणि मऊ रबराच्या सपाट तळव्याचे बूट घ्या. धावण्याचे बूट फार लवचीक असतात, खिळ्यांवर पाय वाकतो आणि सटकतो. पेडलचा आस चवड्याच्या किंचित मागे येईल असा पाय ठेवा.

आधी मैदान

ट्रेलवर, म्हणजे पायवाटेवर, जाण्याआधी गवताच्या मैदानात चार-पाच दिवस, रोज अर्धा तास द्या.

पहिल्यांदा फक्त उभं राहायला शिका. दोन्ही पेडल आडवी, टाचा किंचित खाली, गुडघे सैल, कंबरेतून वाकलेले, छाती खाली, कोपरं बाहेर, हनुवटी साधारण हँडलच्या वर. हळू चालत असताना हाताची बोटं उघडा, तळवे नुसते टेकलेले राहू द्या. तोल पुढे गेला तर वजन हातांवर आहे. कंबर थोडी मागे घ्या. मागे ओढल्यासारखं झालं तर उलट. हीच ती 'पाय जड, हात हलके' स्थिती. पुढे ट्रेलवर काही चुकल्यासारखं वाटलं की आधी हीच तपासायची.

मग ब्रेक. जमिनीवर दोन बाटल्या ठेवून रेघ ठरवा. धावण्याच्या वेगात येऊन रेघेवर फक्त मागचा ब्रेक लावा आणि कुठे थांबलात ते बघा. नंतर फक्त पुढचा, हळूहळू दाबत. नंतर दोन्ही. मागचा एकटा सर्वांत लांब नेतो, कारण थांबताना वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरतं. पुढच्या ब्रेकला घाबरून तो न वापरणारा माणूस उतारावर मागचं चाक फरफटवत जातो. त्यात थांबणंही होत नाही आणि वाटेवर चर पडतात ते वेगळे.

हँडलवरून डोक्यावर पडण्याची भीती खोटी नाही, पण कारण समजून घ्या. पुढचं चाक खड्ड्यात किंवा दगडाला अडलेलं असताना ब्रेक झटक्यानं दाबला, आणि अंग सैल राहून पुढे घरंगळलं, की माणूस उडतो. म्हणून दांडा ओढायचा नाही, पिळत न्यायचा. त्याच वेळी टाचा खाली आणि कंबर मागे-खाली. मग थांबण्याचा सगळा जोर पायांतून पेडलवर जातो.

उरलेल्या वेळात हळू चालवणं (शंभर पावलांचं अंतर जितक्या सावकाश जाता येईल तितकं), इंग्रजी आठाच्या आकारात वळणं आणि पुढचं चाक उचलणं. चाक हातांनी ओढून उचलू नका. कोपरं वाकवून छाती खाली न्या, मग पायांनी पेडल पुढे ढकलत कंबर मागे टाका, चाक आपोआप वर येतं. पाच सेंटिमीटर जाडीच्या फांदीवरून दहापैकी नऊ वेळा चाक न टेकवता जाता आलं की ट्रेलवर चला.

ट्रेलवर

पहिली वाट सर्वांत सोपी निवडा. खुणा असलेल्या ट्रेलवर ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा असा चढता क्रम असतो. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा. एका ठिकाणचा निळा दुसरीकडच्या निळ्याएवढा सोपा असेलच असं नाही. पहिली फेरी बघत-बघत मारा, हवं तिथे उतरून चाला, मग त्याच वाटेवर दुसरी फेरी. रोज नवी वाट धुंडाळण्यापेक्षा एकच वाट पाच वेळा केल्यानं जास्त शिकायला मिळतं.

नजर चाकासमोरच्या दगडावर नको, दोन-तीन सेकंदांनी जिथे पोचाल तिथे हवी. ज्या दगडाकडे टक लावाल त्याच्यावरच जाल.

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ चाक असताना लावा. वळणात पुढच्या टायरला एकतर वळवायचं काम द्या किंवा थांबवायचं. दोन्ही एकदम मागितलीत की तो सटकतो. सपाट वळणात बाहेरचं पेडल खाली करून त्यावर वजन टाका आणि सायकल आत झुकवा, स्वतः मात्र तिच्या वरच राहा. बाहेरची कड भिंतीसारखी उचललेली असेल तर पेडल आडवीच ठेवा.

झाडांची मुळं, विशेषतः ओली, काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर पुढचं चाक मुळाच्या बाजूनं घसरत जातं. मुळावर असताना ब्रेक नको, पेडल मारणंही नको.

चढ दिसला की तो लागण्याआधी हलका गिअर टाका. जोर लावलेला असताना गिअर बदलला तर चेन कडकड करते आणि कधी तुटते. चढावर सीटच्या पुढच्या टोकाशी सरका, कोपरं खाली, छाती हँडलकडे. पुढचं चाक उचललं जात असेल तर आणखी पुढे व्हा. मागचं जागीच फिरत असेल तर थोडं मागे. मधेच थांबावं लागलं तर पुन्हा निघताना वाटेला थोडं तिरकं उभं राहून निघा.

तीव्र उतारावर पूर्ण मागे, टायरवर बसल्यासारखं जाऊ नका. पुढचं चाक हलकं होऊन वळेनासं होतं. पायऱ्यांसारख्या जागी चाक खाली उतरेपर्यंत हात पुढे जाऊ द्या, कोपरं त्यासाठीच वाकवलेली असतात. आणि उतरणं नकोच असं वाटलं तर वर असतानाच थांबा. अर्ध्यात मन बदललेले लोक जास्त पडतात.

पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना वाट द्या. खालून चढत येणारा सायकलवाला दिसला तर उतरणाऱ्यानं थांबायचं. पाऊस पडून गेल्यावर चिखलात टायरचे चर उमटत असतील तर त्या दिवशी जाऊ नका. डबकं लागलं तर त्याच्या मधून जा. बाजूनं गेलात की वाट रुंद होत जाते.

सोबत काय, परतल्यावर काय

पिशवीत एक ट्यूब (ट्यूबलेस असलं तरी), दोन टायर लीव्हर, पंप, ट्यूबलेसचा प्लग, चेन तोडणी असलेला मल्टिटूल (त्यात टी-२५ आहे ना बघा, डिस्कचे आणि काही दांड्यांचे स्क्रू तेच असतात), तुमच्या गिअरच्या संख्येची क्विक लिंक (चेन जोडायची दोन भागांची कडी), चार झिप-टाय. बाराच्या चेनला दहाची लिंक बसत नाही. ज्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कानाला मागचं डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) लटकतं तो हँगर आपल्या फ्रेमचा नेमका कोणता ते बघून एक जास्तीचा ठेवा. दगडाला आपटून तो वाकावा म्हणूनच मऊ केलेला असतो. पडल्यावर सर्वांत हलका गिअर टाकण्याआधी मागून बघा: हँगर आत वाकला असेल तर डिरेलर आऱ्यांत घुसतं आणि चाकासकट सगळं मोडतं.

तुटलेली चेन जोडायची असेल तर तोडणीनं बिघडलेली कडी बाहेर काढा, दोन्ही टोकांना आतल्या, अरुंद कड्या राहू द्या, क्विक लिंकचे दोन भाग समोरासमोरून घालून जुळवा. मग जोड वरच्या बाजूला आणून, मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर द्या. 'टक्' आवाज झाला की बसली.

घरी आल्यावर बादलीभर पाणी आणि ब्रश पुरे. जेटचं पाणी बेअरिंगच्या आत जातं. चेन पुसून प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, पाच मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाका; बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. चेनची झीज मोजायच्या (चेन-वेअरच्या) पट्टीवर ११-१२ गिअरची चेन ०.५ ला पोचली की बदला, नाहीतर तीच कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) खाते.

नवी सायकल पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा पूर्ण तपासा. गिअरची तार थोडी ढिली पडलेली असते, स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) आणि क्रँकचे (पेडलच्या दांड्यांचे) बोल्ट थोडे सैल झालेले असतात, आरे 'कुर्र' करत असतात. फोर्कच्या खालच्या नळ्यांचं तेल साधारण ५० तास चालवल्यावर बदलायचं असतं. नेमका आकडा फोर्कच्या कंपनीच्या पुस्तिकेत असतो.